ट्रान्सप्लांटसाठी परगावी मुक्काम: मदत मागायची ती कशासाठी?

दादाला वहिनीची किडनी बसवायची म्हणून आम्ही तिघं परगावी मुक्कामाला गेलो. पेशंट आणि डोनर एकाच वेळी ॲडमिट असतात, त्यामुळे धावपळीला तिसरं माणूस लागतंच.

मदत मागताना सगळे ऑपरेशनचाच आकडा सांगतात. संस्थांनाही ते सोयीचं, कारण हॉस्पिटलचं लेखी एस्टिमेट असतं आणि चेक थेट त्यांच्या नावानं काढता येतो. पण खरी ओढाताण सुरू होते डिस्चार्जनंतर. सुरुवातीचे काही महिने रिजेक्शनची (शरीरानं नवी किडनी नाकारण्याची) आणि इन्फेक्शनची भीती जास्त, म्हणून जवळच राहायला सांगतात. खोलीभाडं, गाडीभाडं, सारख्या रक्ततपासण्या. आणि रिजेक्शन टाळायच्या गोळ्या तर नवी किडनी चालतेय तोवर चालूच. अर्जात हे सगळं वेगवेगळं लिहा. डोनरची बुडालेली मजुरी किंवा पगारही लिहा. वहिनी संकोचत होती, 'किडनीचे पैसे घेतल्यासारखं वाटेल' म्हणाली. तसं ते नाही. दात्याच्या प्रत्यक्ष खर्चाची भरपाई म्हणजे अवयवाची किंमत नव्हे, हे अवयवांच्या खरेदी-विक्रीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय इस्तंबूल जाहीरनाम्यात (२००८) स्पष्ट म्हटलंय. फक्त खर्चाला पुरावा हवा, म्हणून पावती कितीही छोटी असो, फाइलला लावा.

आम्हाला एका संस्थेच्या निवासात खोली मिळाली ती मेडिकल सोशल वर्करच्या (पेशंटला अशी मदत मिळवून द्यायला हॉस्पिटलात असतात त्यांच्या) पत्रावर. हॉस्पिटलात पोचल्यावर आधी त्यांना गाठा. अशा जागांना वेटिंग असतं, डिस्चार्जची वाट न बघता नाव लावून ठेवा. स्वतंत्र बाथरूम आहे का, ते फोनवरच विचारा. मोठ्या हॉलमध्ये फुकट कॉट मिळत असली तरी ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथे ठेवू नये, असं माझं मत.

निवासात नातवासाठी आलेल्या एक आजी होत्या. सकाळी तपासणीला निघालेल्या प्रत्येकाला दारातच अडवून विचारायच्या, "गोळी खिशात आहे ना? पोटात नाही ना?" टॅक्रोलिमस या रिजेक्शन टाळायच्या औषधाची रक्तातली लेव्हल सकाळच्या डोसआधी बघतात, गोळी घेऊन गेलात तर आकडा चुकीचा येतो. रक्त दिलं की तिथेच गोळी घ्यायची, म्हणून पाण्याची बाटलीही बरोबर हवी.

घरी परतण्याआधी ही लेव्हल आपल्या भागात कुठे तपासून मिळते ते विचारून घ्या. फॉलोअपच्या प्रवासाचा खर्च काही संस्था देतात, पण त्याचा अर्ज बहुधा वेगळा असतो. तो तिथे असतानाच भरून सही-शिक्का घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा खेप पडते.