काकूंची ईको आणि डावं दार

मेचा दुसरा आठवडा, बडोद्यात पारा ४२ च्या वर. आम्ही गाड्यांवर जाहिराती चिकटवतो; दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानासमोर काकूंच्या मुलाने गाडी लावली. काकूंचे पुरणपोळीचे डबे पोचवणारी पांढरी ईको, सेकंडहँड घेतलेली, आणि तिच्यावर दोन वर्षांपूर्वी दुसरीकडून करून घेतलेलं विनाइल, म्हणजे चिकटवायची छापील प्लास्टिक फिल्म, त्यावर पोळीचं चित्र. लाल-पिवळा रंग उन्हाने खाल्ला होता, कडा कुरडईसारख्या वळल्या होत्या.

"पोळी निळी दिसतेय रे," काकू म्हणाल्या. "लोकांना वाटेल बुरशी आलीय."

लग्नसराई सुरू होती, त्यांना चार दिवसांत गाडी हवी होती. मुलाला अख्खी गाडी मरून रंगाच्या फिल्मने मढवायची होती, काचांसकट. मी दोन्हीला नाही म्हटलं. गाडीचा रंग आरसीवर असतो, तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि काचेवर अशी गडद फिल्म नको, हे तर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय. पोलिसाने सिग्नलला अडवलं की डबे गार होणार.

मग फिल्मचा प्रश्न. काकूंना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. कॅलेंडर्ड फिल्म रुळांमधून लाटून काढतात. मैद्याची पोळी लाटली की मागे सरते ना, तशी ही ऊन लागलं की आकसते, म्हणून कडा सुटतात. कास्ट फिल्म धिरड्यासारखी ओतून भट्टीत सुकवतात, अंगात ताणच नसतो, त्यामुळे वळणावर, खोबणीत नीट बसते. ती जेमतेम ५० मायक्रॉनची, पण भाव बराच जास्त. "मग धिरडंच लाव," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, सगळीकडे गरज नाही. ईकोच्या बाजू बऱ्यापैकी सपाट आहेत, तिथे चांगल्या प्रतीची कॅलेंडर्ड चालेल. मागच्या गोलाईला तेवढी कास्ट. दोन्हींवर आपापल्या जातीच्या पारदर्शक फिल्मचं लॅमिनेशन, नाहीतर छपाई पुन्हा निळी पडणार. गिऱ्हाइकाला महागातलं विकणं सोपं असतं, पण जिथे पैसा लागत नाही तिथे तो लावायला माझं मन घेत नाही.

दुपारी जुनं विनाइल काढायला बसलो. तापून तापून ते इतकं कडक झालं होतं की नखाएवढे तुकडे पडत होते. हीट गनने गरम करायचं, कड उचलायची आणि पत्र्याला जवळजवळ चिकटवूनच हळूहळू मागे ओढायचं. उजवी बाजू निघाली. डाव्या सरकत्या दारावर एक मोठा पट्टा छान सुटत आला आणि माझ्या हाताला तो जरा जड लागला. उलटून पाहिलं तर गोंदावर पांढरा रंग. दारावर तळहाताएवढी करडी पुट्टी उघडी पडली होती.

कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग असा निघत नाही. दार कधीतरी ठोकून, गॅरेजमध्ये रंगवून काढलेलं होतं. आधीच्या मालकाने सांगितलं नव्हतं, काकूंना ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. काम घेताना हा पहिला प्रश्न असतो. घाईत राहून गेला.

काकू बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हातून निघाला, पण तू काही लावला नव्हतास." हे ऐकून मला जास्तच लागलं. दाराच्या रंगाचा अर्धा खर्च मी उचलला.

नवा रंग पुरता वाळल्याशिवाय त्यावर फिल्म लावता येत नाही, आतली वाफ अडकून फुगे येतात. मी महिनाभर थांबायला सांगितलं. तोवर डावं दार कोरं ठेवलं आणि सगळा मजकूर उजव्या बाजूला आणि मागे घेतला. काकूंनी आणलेली बावीस पदार्थांची यादी मी बाजूला ठेवली. मांडवीच्या गर्दीत गाडी पुढे जाताना कोण वाचणार? 'पुरणपोळी', 'श्रीखंड' आणि फोन नंबर. अक्षरं गुजरातीत मोठी, मराठीत त्याखाली.

"पण पुरणपोळीला गुजरातीत वेढमी नको लिहूस," काकूंनी बजावलं. "ती तुरीच्या डाळीची. आपली हरभऱ्याची."

जूनच्या मध्यावर, पाऊस यायच्या आत, गाडी परत आली. आधी दारावर टेप घट्ट दाबली आणि झटक्यात ओढली. टेप कोरीच निघाली. तीनदा, तीन जागी पाहिलं. मग स्पिरिटने दार पुसलं आणि काकूंनी सांगितलेला एकच शब्द त्यावर लावला: 'हरभऱ्याची'.