एका बाकावर एकच मोबाइल

अध्यापनात तंत्रज्ञान किती असावे, हा विषय शिक्षकांत निघाला की चर्चा लगेच उपकरणांच्या मोजदादीवर येते: किती वर्गांत डिजिटल फळे बसले, किती मुलांकडे टॅब आहेत. नागपुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी स्वतःपुरता वेगळा निकष ठरवला आहे. एखादे साधन वर्गात आल्यावर मुले विषयाबद्दल एकमेकांशी अधिक बोलू लागतात की गप्प होतात, एवढेच मी पाहतो.

या निकषामागे जुना विचार आहे. लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाने मांडले की, मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करू शकते ते उद्या एकट्याने करू लागते, आणि ही मदत शिक्षकाप्रमाणेच अधिक जाणत्या सोबत्याकडूनही मिळते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ च्या सुमारास त्याला तासात बसेल असे रूप दिले: संकल्पनेवर एक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर निवडायचे, मग वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचे आणि पुन्हा मत द्यायचे. मते नोंदवायला पुढे रिमोटसारखी यंत्रे निघाली. माझ्या वर्गात बोटांवर भागते, कारण छातीशी धरलेली बोटे मला दिसतात, शेजाऱ्याला दिसत नाहीत. आधी एकट्याने मत देण्याची ही पायरी गाळली, तर वर्गातील मोठ्या आवाजाचे दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचे त्वरण (वेग बदलण्याचा दर) किती, या प्रश्नाला निम्मा वर्ग हमखास ‘शून्य’ म्हणतो. एकदा मागच्या बाकावरून ऐकू आले, “काहून बे, वर जाऊन थांबते ना तो, मंग त्वरण कुठून आलं?” त्यावर शेजारचा म्हणाला, “थांबलाच हाय तर मंग खाली कायले येते?” याहून नेमके स्पष्टीकरण मला प्रमाणभाषेत आजवर जमलेले नाही.

मोबाइल येतो तो यानंतर. भिंतीला मोजपट्टी चिकटवायची, तिच्याशेजारी चेंडू वर उडवायचा आणि सेकंदाला १२० चौकटी टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये चित्रण करायचे. दर बाराव्या चौकटीला, म्हणजे प्रत्येक दशांश सेकंदाला, चेंडूची उंची वहीत उतरवली की दिसते, वर जाताना प्रत्येक टप्प्यातील अंतर आधीच्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटरने घटते, आणि माथ्याशी हा फरक, म्हणजेच त्वरणाची खूण, नाहीसा न होता तसाच पुढे चालू राहतो. यासाठी मी चौघांत एकच मोबाइल देतो, तोही मुद्दाम. एक जण उडवतो, एक टिपतो, एक वाचतो, एक लिहितो आणि आकडा जुळला नाही की चौघेही एकमेकांवर घसरतात. चौघांच्या हाती चार मोबाइल दिले, तर चार माना खाली जातात. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रातही मी हेच पाहतो: बटण एकाच्या हाती आणि सूचना सगळ्यांच्या.

शिक्षणसंशोधक सुगाता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला, त्या प्रयोगातूनही मला हीच बाजू महत्त्वाची वाटते, की यंत्र एक होते आणि मुले अनेक. शिक्षकावाचून भागते, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. कोणता प्रश्न विचारावा हे भिंत ठरवत नाही.

या पद्धतीला वेळ लागतो, आणि भल्या सकाळी नीट-जेईईच्या क्लासला हजेरी लावून आलेल्या मुलांना तो परवडत नाही, असा पालकांचा आक्षेप असतो. तो रास्त आहे. म्हणून एकके, मिती, सूत्रांची सिद्धता यांसाठी मी वर्गात चर्चा घेत नाही. त्यांचे व्हिडिओ घरी पाहायला सांगतो आणि वाचलेला वेळ अशा प्रश्नांना देतो.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही एकच नियम आहे: नुसते उत्तर टाकायचे नाही, जिथपर्यंत गाडी आली आणि अडली तिथपर्यंतच्या वहीच्या पानाचा फोटो टाकायचा. रात्री नऊपूर्वी मी तेथे काही लिहीत नाही. तोवर बहुतेक शंकांना वर्गातल्याच कुणीतरी उत्तर दिलेले असते, आणि ते चुकलेले असेल तर दुसऱ्या दिवशीचा तास त्याच उत्तरापासून सुरू होतो.