तुम्ही विचारलंत म्हणून : मेल बंद पडल्याचे मेलने कसे कळणार?

“मेल सर्व्हरच बंद पडला, तर तो बंद पडल्याचे तुम्हाला कळवते कोण?” सर्व्हरवर देखरेख ठेवणे हे माझे काम आहे असे समजले की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. विचारणाऱ्याला बहुधा वाटते की त्याने मला कोंडीत पकडले. एकेकाळी मी खरोखरच कोंडीत सापडले होते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

तेव्हा आमचे सगळे इशारे मेलनेच येत. एका संध्याकाळी मेल सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरल्याचा इशारा आला. तो नेहमीच येत असल्यामुळे मी त्याकडे दुर्लक्ष केले. रात्री कुठलीशी लॉग फाइल बेसुमार वाढली आणि डिस्क पूर्ण भरली. त्यानंतरचा प्रत्येक गंभीर इशारा देखरेखीच्या यंत्राने वेळच्या वेळी पाठवला, पण मेल सर्व्हर जागेअभावी तो ४५२ या संकेतांकासह नाकारत राहिला. सकाळी मी जागा मोकळी करताच रात्रभरचे इशारे एकामागून एक पेटीत येऊन पडले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

त्या रात्रीच्या नोंदी वाचताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की नागिऑस या आमच्या देखरेखीच्या प्रणालीच्या लॉगमध्ये प्रत्येक इशारा ‘पाठवला’ अशी नोंद होती, आणि ती खोटीही नव्हती. मेल पाठवणारी आज्ञा यशस्वी झाल्याचे कळवते ते पत्र स्थानिक रांगेत पडले म्हणून. ते पुढे पोहोचले की नाही याच्याशी त्या यशाचा काही संबंध नसतो. चारने सुरू होणारा संकेतांक म्हणजे तात्पुरता नकार, आणि तो मिळाला की पत्र रांगेत थांबते व पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. पोस्टफिक्स या मेल पोहोचवणाऱ्या प्रणालीच्या मूळ मांडणीत दोन प्रयत्नांमधले अंतर ३०० सेकंदांपासून वाढत ४,००० सेकंदांपर्यंत जाते, आणि पाच दिवस प्रयत्न केल्यावरच ते पत्र परत पाठवते. पत्रव्यवहारासाठी हा चिवटपणा मोलाचा आहे, कारण पलीकडचा सर्व्हर रात्रभर बंद असला तरी पत्र हरवत नाही. मात्र धोक्याची घंटा अशी सवडीने वाजून चालत नाही. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. मेल सर्व्हरवरची आमची तपासणी रात्रभर हिरवी होती, कारण ती फक्त २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मेल स्वीकारण्याच्या दारावर, जाऊन २२० हा स्वागताचा संकेतांक मिळतो का एवढेच पाहत असे. स्वागत नीट होत होते, नकार त्यानंतर मिळत होता. तेव्हापासून आम्ही खरे पत्र पाठवतो, ते बाहेरच्या एका पेटीतून परत वाचतो आणि या फेरीला किती वेळ लागला ते मोजतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. देखरेखीच्या यंत्राला एक जीएसएम मोडेम जोडलेला आहे आणि त्यात सिम कार्ड आहे. ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मोडेमच्या आज्ञांनी चालणारे हे जुन्या वळणाचे उपकरण एसएमएस थेट मोबाइलच्या जाळ्यावर सोडते. त्याला आमचा मेल, आमचे डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी सेवा) किंवा आमची इंटरनेट जोडणी यांपैकी काहीच लागत नाही. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात आणि देवनागरीत ७०, त्यामुळे यंत्राचे नाव, सेवा, स्थिती आणि वेळ यांपलीकडे काही लिहायचे नाही अशी शिस्त आपोआप लागते. येथे एक सावधगिरीची सूचना करते : अनेकांकडचा ‘एसएमएस इशारा’ हा प्रत्यक्षात एखाद्या पत्त्यावर पाठवलेला मेल असतो आणि पलीकडे कोणीतरी त्याचा एसएमएस करते. अशी सोय दुसरा मार्ग म्हणून मोजू नये. इंटरनेटवरून चालणारी एसएमएस सेवा त्याहून बरी, पण जोडणी किंवा डीएनएस गेले की तीही गेली.

दुसरा मार्ग आखताना मी म्हणूनच एकच प्रश्न विचारते : ज्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्याशी या मार्गाचे काय काय सामाईक आहे? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यातील देखभालीच्या वेळी झालेल्या चुकीने त्यांची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली, त्यांचे डीएनएस जगाला दिसेनासे झाले आणि दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर असल्यामुळे निकामी झाली. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले. आमचा पसारा त्यापुढे नगण्य आहे, पण यंत्रे जाळ्याला जोडणाऱ्या एकाच नेटवर्क स्विचवर मेल, देखरेख आणि डीएनएस टांगलेले मी स्वतः पाहिले आहे.

सगळेच इशारे मोडेमवरून सोडले तर आठवड्याभरात फोनकडे कोणी पाहणार नाही. त्यामुळे साधे इशारे मेलनेच जातात. गंभीर इशाराही आधी मेलनेच जातो, आणि दहा मिनिटांत कोणी ‘पाहिले’ अशी पोच दिली नाही तर एसएमएस निघतो. मेल अडकला की माणूस झोपला, हे यंत्राने ठरवायची गरज उरत नाही. पोच आली नाही एवढे पुरते. अपवाद एकच : पाठवणाऱ्या यंत्राची स्वतःची मेल रांग वाढू लागली, तर दहा मिनिटे न थांबता एसएमएस जातो.

राहता राहिले देखरेखीचे यंत्रच बंद पडण्याचे. तेथे शांतता हाच इशारा धरावा लागतो. प्रोमिथिअस ही देखरेखीची दुसरी प्रणाली वापरणारे यासाठी सतत चालू राहणारा ‘वॉचडॉग’ नावाचा इशारा ठेवतात आणि तो येईनासा झाला की बाहेरची सेवा ओरड करते. आमचे यंत्र दर पाच मिनिटांनी दुसऱ्या जागेतल्या एका छोट्या यंत्राला ‘आहे’ म्हणून कळवते. तीन हाका चुकल्या की ते छोटे यंत्र स्वतःच्या मोडेमवरून मला कळवते. त्या छोट्या यंत्रावर लक्ष कोण ठेवते, हा पुढचा प्रश्नही ठरलेलाच असतो. त्याच्यावर आमचे मोठे यंत्र ठेवते, आणि दोन्ही एकदम गेली तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

महिन्यातून एकदा मी देखरेखीच्या यंत्रावरची मेलसेवा मुद्दाम बंद करते, एक खोटा गंभीर इशारा सोडते आणि फोन समोर ठेवून बसते. मागच्या महिन्यात वीस मिनिटे झाली तरी तो वाजला नाही. सिमच्या रिचार्जची मुदत संपली होती, आणि ती संपत आल्याची सूचना त्याच सिमवर एसएमएसने येऊन पडली होती.