मुंबईत तीन दिवस : मुक्काम, लोकल आणि राहायलाच आलात तर

मुंबईला येणारे बहुतेकजण आधी हॉटेल ठरवतात, मग ठिकाणांची यादी करतात आणि लोकलचा विचार शेवटी करतात. हा क्रम उलटा हवा. इथे कुणाला अंतर विचारलं तर उत्तर मिनिटांत येतं : दादर ते ठाणे फास्ट लोकलने अर्धा तास, प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या स्लोने पाऊण. तेच अंतर संध्याकाळी टॅक्सीने किती वेळात कापाल हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून आधी लाइन ठरवायची, मग मुक्काम.

हा वृत्तांत गुरुवार ते शनिवार अशा तीन दिवसांचा आहे आणि वार मुद्दाम निवडले आहेत. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर तो साधारण अकरा ते चार, पश्चिम रेल्वेवरही दिवसाचे चार-पाच तास. त्या वेळात फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, काही रद्द होतात, हार्बर लाइनचा एखादा टप्पा पूर्ण बंद असतो. रविवार हातात असलाच तर शनिवारीच ब्लॉकची बातमी वाचून घ्यावी.

मुक्काम दादरला. मध्य आणि पश्चिम या दोन्ही लाइन इथे एकमेकींना भेटतात, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) फास्टने पंधरा मिनिटांच्या आत, आणि भुयारी मेट्रोचं दादर स्टेशन गोखले रोडच्या बाजूला, रेल्वे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. इथल्या लॉजच्या खोल्या लहान असतात हे गृहीत धरा. खोली घेताना चेक-आउट चोवीस तासांचा आहे की सकाळच्या ठरावीक वेळेचा, हे आधी विचारा. पहाटे पाचला पोचणाऱ्याला या एका प्रश्नावरून एक दिवसाचं जास्तीचं भाडं पडू शकतं. टाटा, केईएम किंवा वाडिया रुग्णालयासाठी येणाऱ्यांनी दादर पूर्व नाहीतर परळच बघावं. प्रभादेवी आणि परळ जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, त्यामुळे पश्चिमेकडून टॅक्सीने यायचं तर वळसा पडतो.

गाडी कुठे उतरवते तेही तपासा. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याला हार्बरवरचं टिळकनगर जास्त जवळ. पुणे किंवा नाशिककडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या कल्याण, ठाणे, दादरला थांबतात. मुलुंड-घाटकोपरकडे जायचं असेल तर ठाण्यालाच उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं येऊ नका. खोली मिळायला वेळ असेल तर सीएसएमटीला क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप मात्र हवं.

आता लोकल. तिकीट रेल्वेच्या रेलवन ॲपवर निघतं, पण ते स्टेशनच्या बाहेर असतानाच काढायचं. रुळांच्या अगदी जवळ गेलात की ॲप तिकीट देत नाही. तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा, म्हणून सकाळी खोलीवर बसून दुपारचं तिकीट काढून ठेवू नये. सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये आणि एसी लोकलचं ३५. दिवसात चार-पाच वेळा चढउतार असेल तर खिडकीवर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मागा. ते पश्चिम, मध्य, हार्बर तिन्हींवर चालतं आणि रांगेचा वेळ वाचतो. सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक. नवखे लोक इथे फसतात, कारण फर्स्टचा डबा बाहेरून वेगळा वाटत नाही. गर्दीत दारावरचा आकडा दिसत नाही. फर्स्टचा डबा जिथे येतो तिथल्या फलाटावरच्या खांबांना तिरके पट्टे असतात, ते बघून उभं राहायचं. 

इंडिकेटरवर चार गोष्टी वाचायच्या : शेवटचं स्टेशन, स्लो की फास्ट, बारा डबा की पंधरा डबा, आणि वेळ. मध्य रेल्वेवर एक हमखास घोळ होतो. तिथे कर्जतच्या गाडीची खूण एस आणि कसाऱ्याची एन. एस म्हणजे स्लो समजून लोक कर्जत फास्टमध्ये बसतात आणि आपलं स्टेशन समोरून निघून जाताना बघतात. दादरला फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ पासून सलग झाले : १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य. जुन्या माहितीवर 'मध्यचा तीन नंबर' शोधत फिरू नका.

चढायची रीत ठरलेली आहे. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, मोबाईल आतल्या खिशात. गाडी थांबली की दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, बाजूला सरकून आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची. आत शिरलात की दारापाशी न रेंगाळता दोन बाकांमधल्या पॅसेजमध्ये सरका. उतरायची तयारी एक स्टेशन आधी. स्लो गाडीने कल्याणकडून येत असाल तर माटुंगा सुटायच्या आत दाराकडे निघायला हवं, कारण गाडी थांबते अर्ध्या मिनिटाच्या आसपास. पुढच्या माणसाला 'दादर का?' एवढंच विचारायचं. तो उतरणार असेल तर त्याच्या मागे राहा, नसेल तर तो स्वतःहून वाट देतो. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. दारात लटकून वारा खाण्याचा मोह आवरा. जून २०२५ मध्ये दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दारातले प्रवासी खाली पडून जिवाला मुकले, आणि ते रोज जाणारे होते.

विरार फास्टने अंधेरी किंवा बोरिवलीला उतरायचा बेत संध्याकाळी करू नये. शेवटपर्यंत जाणाऱ्यांनी दार भरलेलं असतं, मधे उतरणाऱ्याला बाहेर पडता येत नाही आणि बोलणीही खावी लागतात. त्यात त्यांचा दोष कमी आहे; दीड तास उभ्याने जाणाऱ्याला प्रत्येक स्टेशनवर हलायला जागाच नसते. बोरिवलीसाठी बोरिवली गाडीच पकडा.

पहिला दिवस दक्षिण मुंबईचा. सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे वाहते, साडेपाच ते नऊ उत्तरेकडे, त्यामुळे दादर साडेसातच्या आत सोडायचं. सीएसएमटीची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ती समोरून, महापालिकेच्या बाजूने बघा. तिथून हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची ओळ. हे दोन्ही मिळून २०१८ साली वारसा यादीत गेलं. सकाळच्या उन्हात हा टप्पा पायी दीड तासात आरामात होतो. अकरानंतर घामाने जीव नकोसा होतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, त्याला किमान अडीच तास द्या. वस्तुसंग्रहालय आणि घारापुरी एकाच दिवसात कोंबू नका. गेटवेहून बोटीला साधारण तास, वर पायऱ्यांची चढण, परत तास : अख्खी सकाळ तिथेच जाते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद.

परतीला एकतर साडेचारच्या आत सीएसएमटी सोडा, नाहीतर मरीन ड्राइव्हवर बसून नऊ वाजू द्या. गर्दीच्या वेळीच निघावं लागलं तर गाडी सीएसएमटीहूनच सुटते हे लक्षात ठेवा. ती फलाटात शिरत असतानाच लोक उड्या टाकून जागा धरतात. त्या धांदलीत पडू नका, पुढची स्लो घ्या. किंवा मेट्रो ३, म्हणजे दादरला थांबणारी तीच भुयारी मेट्रो. कफ परेडपासून आरेपर्यंतची ही साडेतेहतीस किलोमीटरची लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, भाडं १० ते ७० रुपये. विमानतळाची दोन्ही टर्मिनल याच लाइनवर आहेत आणि मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो मिळते. खाली मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. तिकीट जिना उतरायच्या आधी काढून ठेवा.

दुसरा दिवस गिरगाव आणि मलबार हिल. चर्नी रोडला उतरून पूर्वेला खोताची वाडी, केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली याच चाळीत झाला. दोन्ही ठिकाणी लोक राहतात. दारासमोर उभं राहून फोटो काढण्याआधी विचारावं, आवाज बेताचा ठेवावा. पणशीकरांकडे पीयूष घ्या आणि बसने वाळकेश्वरला बाणगंगेवर. मलबार हिलवरची लाकडी निसर्ग-पायवाट मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. तिकीट २५ रुपये, पण वेळेचा स्लॉट ऑनलाइन आधी घ्यावा लागतो. थेट गेलात तर परत फिरावं लागू शकतं. संध्याकाळी दादरला परत येऊन प्रकाशचा साबुदाणा वडा किंवा आस्वादची मिसळ. साडेसातनंतर दोन्हीकडे रांग, म्हणून सहाच्या सुमारास जा.

बसबद्दल थोडं. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येत नाहीत. तिथे काळी-पिवळी टॅक्सी. दीड किलोमीटरपर्यंत टॅक्सीला ३१, रिक्षाला २६ रुपये, मध्यरात्रीनंतर पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त. मीटर टाकायला सांगा आणि टाकला याची खात्री झाल्यावरच बसा. 'नाही' म्हणणारे भेटतील, विशेषतः जवळच्या भाड्याला. अशा वेळी स्टेशनच्या तोंडाशी हुज्जत घालण्यापेक्षा शंभर पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवणं सोपं.

तिसरा दिवस बोरिवली, आणि प्रवासाच्या दृष्टीने हा सर्वात सुखाचा. सकाळी गर्दी दक्षिणेकडे येत असताना आपण उत्तरेला जातो, संध्याकाळी उलट. दोन्ही वेळा खिडकी मिळण्याची शक्यता चांगली. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक स्टेशनच्या पूर्वेला; तिथून कान्हेरी आत सहा-सात किलोमीटर. सकाळी पोचलात तर बस किंवा भाड्याची सायकल मिळते. शंभराहून जास्त लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहावरच थांबू नका, वर चढून खडकात खोदलेले पाण्याचे पाट आणि टाकी बघा. पावसाचं पाणी उतारावरून टाक्यात कसं आणलं ते तिथे हात लावून कळतं. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर सोबत हवं. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं ओढतात.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय बाहेर पडू नये. शहराचे बरेचसे नाले समुद्रात सोडलेले आहेत. भरती मोठी असली, साडेचार मीटरच्या वर, की समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून दारं बंद करावी लागतात आणि त्याच तासात जोराचा पाऊस आला तर पाण्याला जायला वाट उरत नाही. हिंदमाता, गांधी मार्केट, शीव, अंधेरी आणि मिलन सबवे आधी भरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून पंप, टाक्या बरंच काही झालं आहे, तरी रुळांवर पाणी आलं की लोकल थांबते. अशा वेळी आहात तिथेच, उंच जागी, थांबा. गुडघाभर पाण्यातून चालत निघू नका. उघडं मॅनहोल वरून दिसत नाही. महापालिकेचा मदत क्रमांक १९१६, रेल्वेचा १३९.

काहीजण फिरायला येतात आणि नोकरी लागून राहायलाच येतात. त्यांच्यासाठी या शहरात खूप आहे : रात्री अकराला एकटी मुलगी लोकलने घरी जाते, महिला डब्यात पोलीस असतो, कामाला कमीपणा नाही, आणि ओळखपाळख नसताना पत्ता विचारला तर माणूस थांबून सांगतो. पण घर निवडताना भाड्याइतकाच वेळेचा हिशेब करा. डोंबिवलीहून सीएसएमटी फास्टने सव्वा तास म्हटलं, तर शेअर रिक्षा, पूल, फलाट, सोडलेली एखादी गाडी आणि उतरल्यावरची चाल धरून एका बाजूचे दोन तास होतात. रोजचे चार. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी किंवा पवईला ऑफिस असेल तर दक्षिणेकडची गर्दी हा नियम अपुरा पडतो. घाटकोपरचा मेट्रो पूल दोन्ही वेळा तुंबलेला असतो. म्हणून घराचं टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याआधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला त्या घराच्या दारातून निघून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन बघा. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या तिपटीहून कमी पडतो, तो काढा.

घर बघताना एजंटला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते विचारा, आणि मग तेच शेजाऱ्याला विचारा. नवा रंग एकाच भिंतीला दिसला तर तिथे पावसात लिकेज असणार. करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, आणि त्याची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे. 'स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ' यावर राजी होऊ नका. भाड्याऐवजी मोठी रक्कम एकरकमी मागणाऱ्या हेवी डिपॉझिटच्या घरात पैसे परत मिळण्याची सगळी भिस्त मालकावर असते, त्यामुळे आधी घर त्याच्याच नावावर आहे का आणि त्यावर बँकेचं कर्ज आहे का ते सोसायटीत जाऊन बघावं. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा, नळाचा, पंख्याचा फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे किती कापायचे, हा वाद त्या फोटोंवरच मिटतो.