बँकेचं अ‍ॅप आणि गुगल नसलेला फोन

गुगलशिवाय फोन वापरायचा म्हटलं की ठाण्यात घोडं अडतं ते पैशांपाशी. मॅपला पर्याय आहे, बाकी अ‍ॅप्ससाठी एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्स अ‍ॅप्सचं दुकान आहे, पण जांभळी नाक्यावर वीस रुपयांची कोथिंबीर घेतली तरी भाजीवाल्या मावशी आधी क्यूआरकडे बोट दाखवतात, सुट्टे कुणाकडेच नसतात, मागून गर्दी ढकलत असते, आणि तेव्हा यूपीआय उघडलंच नाही तर काय करायचं?

मी पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस वापरते, म्हणजे अँड्रॉइडवरच बनवलेली पण गुगलची अ‍ॅप्स आधीपासून नसलेली ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम). त्यात गुगल प्ले टाकलं तरी ते साध्या अ‍ॅपसारखं सँडबॉक्समध्ये, म्हणजे आपल्या बंद कप्प्यात, राहतं, त्याला खास अधिकार नसतात. मी ते आणि बँकेची अ‍ॅप्स वेगळ्या प्रोफाइलमध्ये (त्याच फोनवरच्या दुसऱ्या युजर खात्यात) ठेवलीत, माझे फोटो, कॉन्टॅक्ट तिकडे दिसतच नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, यूपीआय रजिस्टर करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पडताळतं आणि दुसऱ्या प्रोफाइलला फोन-एसएमएस आधी बंदच असतं, ते मुख्य प्रोफाइलच्या सेटिंगमधून चालू करा नाहीतर गाडी तिथेच अडकते. अ‍ॅप उघडल्या उघडल्या क्रॅश होत असेल तर त्या अ‍ॅपपुरता एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनचा कम्पॅटिबिलिटी मोड (ग्राफीनओएसचं जादा संरक्षण थोडं सैल करणारी सेटिंग) चालू करून बघा.

एवढं करून एका बँकेचं अ‍ॅप मस्त चालतं. दुसरीचं मात्र उघडताच ‘तुमचा फोन सुरक्षित नाही’ म्हणतं आणि बंद होतं. मला राग येतो तो इथे. हे अ‍ॅप प्ले इंटिग्रिटी तपासतं, म्हणजे गुगलला विचारतं की हा फोन तुम्ही सर्टिफाय केलेला आहे का. बूटलोडर (फोन चालू होताना ओएस सुरू करणारा प्रोग्राम) लॉक असू दे, सिक्युरिटी पॅच ताजा असू दे, ग्राफीनओएसला ते सर्टिफिकेट नाही म्हणून या तपासणीच्या डिव्हाइस लेव्हलला नापास. आणि ज्या जुन्या फोनला वर्षानुवर्षं सिक्युरिटी अपडेट आलेला नाही तो त्याच लेव्हलला पास होतो! ही कसली सुरक्षा?

दुसरा मार्ग अँड्रॉइडमध्येच आहे, हार्डवेअर अटेस्टेशन. त्यात फोनची चिपच सही करून सांगते की कुठली ओएस आहे, बूटलोडर लॉक आहे का, पॅच कुठल्या महिन्याचा. ग्राफीनओएसच्या कीज (ती ओएस अस्सल आहे हे ओळखायच्या डिजिटल किल्ल्या) जाहीर आहेत, बँकेने त्या मान्य केल्या की झालं. नौपाड्याच्या शाखेत विचारलं तर ‘मॅडम, दुसऱ्या फोनवर टाका ना’ एवढंच उत्तर. अहो, यूपीआय आणलं ते एनपीसीआय या पेमेंट महामंडळाने, 2016 साली, 2022 पासून साध्या बटणांच्या फोनसाठीही यूपीआयचं 123पे आहे, मग माझ्या फोनला आत घ्यायचं की नाही हे गुगलने का ठरवावं?

तोवर ब्राउझरमधून नेटबँकिंग चालतं, ओटीपी एसएमएसने येतो, भाजीला मात्र ते कामाचं नाही. तुमचंही अ‍ॅप अडत असेल तर बँकेला नुसतं ‘अ‍ॅप चालत नाही’ असं कळवू नका, प्ले इंटिग्रिटीऐवजी हार्डवेअर अटेस्टेशन तपासा असं स्पष्ट लिहा, म्हणजे तक्रार अ‍ॅप बनवणाऱ्या टीमपर्यंत जायची शक्यता वाढते. मी तसंच लिहून पाठवलंय.