वॅल्हाइम सर्व्हर नोंदवही, भाग ५: ‘शत्रू फार मारतात’ म्हणजे नक्की कुठला आकडा?

वॅल्हाइम हा अनेकांनी मिळून खेळायचा, जगण्या-लढण्याचा व्हिडिओ गेम. आधीच्या भागांत सर्व्हर उभा करणं, पोर्ट उघडणं आणि बॅकअप एवढं झालं. हा भाग पूर्णपणे तक्रारींचा आहे. वॅल्हाइमच्या कुठल्याही सर्व्हरवर दोन तक्रारी हमखास येतात: जुने खेळाडू म्हणतात ‘आता मजा नाही, फार सोपं झालंय’, आणि नवे म्हणतात ‘शत्रू फार मारतात’. दोन्ही खऱ्या असतात. अडचण अशी, की तक्रार फक्त दुखणं सांगते, दुखणं कुठून येतंय ते सांगत नाही. सरळ काठिण्यपातळी हलवली तर बहुतेक वेळा भलताच स्क्रू फिरतो.

सध्याची स्थिती: कॉम्बॅट (लढाईची काठिण्यपातळी) ‘हार्ड’वरून परत ‘नॉर्मल’वर, डेथ पेनल्टी (मेल्यावर होणारा तोटा) ‘ईझी’, रेड (तळावर येणारे हल्ले) खेळाडूच्या प्रगतीप्रमाणे, बाकी सगळं मूळचं. ‘हार्ड’ का काढलं, ते आधी.

दीडपट मार दीडपट राहत नाही

कॉम्बॅट ‘हार्ड’ केलं की शत्रूचा मार १५० टक्के होतो आणि खेळाडूचा ८५ टक्के. ‘व्हेरी हार्ड’मध्ये हेच आकडे २०० आणि ७०. वाचायला सोपं वाटतं. पण हा गुणाकार आर्मरच्या (चिलखताच्या आकड्याच्या) आधी होतो, आणि आर्मरचं सूत्र सरळ रेषेत चालत नाही. आर्मर माराच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, तर लागणारा मार म्हणजे मार वजा आर्मर. आर्मर निम्मं किंवा जास्त असेल, तर माराचा वर्ग भागिले आर्मरची चौपट.

उदाहरणाला प्लेन्स या मैदानी प्रदेशातला फुलिंग हा शत्रू घेऊ. घाव ८५, आर्मर ६०. नॉर्मलमध्ये ८५ चा वर्ग ७,२२५, भागिले २४०, म्हणजे लागतात ३० च्या आसपास. हार्डमध्ये घाव होतो १२७.५. त्याचं निम्मं ६३.७५, म्हणजे आर्मर आता निम्म्याच्या खाली गेलं. सूत्र बदललं, सरळ वजाबाकी आली: ६७.५. सेटिंग म्हणते दीडपट, अंगावर येतं सव्वादोनपट. व्हेरी हार्डमध्ये १७० वजा ६०, म्हणजे ११०, साडेतीनपटीहून जास्त. उलट बाजूही तशीच आहे. ‘ईझी’मध्ये मार ७५ टक्के, पण त्याच आर्मरवर लागतात फक्त १७, म्हणजे जवळजवळ निम्मे.

यात ताऱ्यांची भर घाला; काही शत्रूंना एक-दोन तारे असतात, म्हणजे ते जास्त ताकदवान. एका ताऱ्याचा शत्रू दीडपट मारतो आणि त्याची हेल्थ दुप्पट असते. दोन ताऱ्यांचा दुप्पट मारतो, हेल्थ तिप्पट. दोन ताऱ्यांचा फुलिंग हार्डमध्ये २५५ चा घाव घालतो आणि ६० आर्मरमधून १९५ आत येतात. प्लेन्सच्या टप्प्यावर दोन हेल्थची आणि एक स्टॅमिनाची (दमाची) अशी चांगली तीन खाणी खाल्लेल्या माणसाची हेल्थ साधारण दोनशे असते. एक घाव खाऊन तो उभा राहतो तो जेमतेमच. शिवाय हार्डमध्ये तारे लागण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणून ‘कालपर्यंत ठीक होतं, आज एका फटक्यात मेलो’ ही तक्रार आली, की तिच्याकडे रडगाणं म्हणून बघू नका. गणित तेच सांगतंय.

त्याच हार्डवर आर्मर ६० चं ७० केलं, तर १२७.५ चा घाव ६७.५ ऐवजी ५८ लागतो. दहा आर्मरने साडेनऊ वाचतात. नॉर्मलमध्ये तेच दहा आर्मर जेमतेम चार वाचवतं. याचा व्यवहारातला अर्थ: हार्डवर ज्याचं आर्मर एक टप्पा मागे आहे त्याला भयंकर त्रास होतो, आणि अपग्रेड पूर्ण केलेल्याला फारसा होत नाही. मिश्र गटात म्हणूनच हार्ड टिकत नाही. जुन्यांना ते जेमतेम जाणवतं, नव्यांना चिरडतं, आणि कॉम्बॅट मॉडिफायर (म्हणजे ही सेटिंग) अख्ख्या जगाला लागतो. माणसागणिक वेगळा ठेवता येत नाही. ढालीच्या ब्लॉकचा आकडाही याच सूत्रातून जातो आणि उरलेला मार मग आर्मरपर्यंत पोचतो, त्यामुळे ढाल न वापरणाऱ्याची तक्रार सगळ्यात आधी येते.

शंभर मीटरचं वर्तुळ

दुसरी ठरलेली तक्रार: ‘एकटा खेळताना मरतो तो शत्रू सर्व्हरवर मरतच नाही.’ इथे कुठल्याही मॉडिफायरचा दोष नाही. खेळ १०० मीटरच्या आत किती खेळाडू आहेत ते मोजतो. प्रत्येक जादा खेळाडूमागे शत्रूची हेल्थ ३० टक्क्यांनी आणि मार ४ टक्क्यांनी वाढतो, कमाल ५ खेळाडूंपर्यंत. पाच जण असतील तर हेल्थ २.२ पट. पाचही जण लढत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.४४ येते, म्हणजे लढाई सोपीच होते.

घोटाळा होतो तो न लढणाऱ्यांमुळे. चौघे तळावर जव पेरतायत, चूल पेटवतायत, आणि पाचवा कुंपणाबाहेर ६० मीटरवर एकटा लढतोय. त्याच्यासमोरच्या शत्रूची हेल्थ मात्र पाच जणांची, २.२ पट. मारही १.१६ पट, आणि वरच्या वर्गाच्या सूत्रामुळे तो ६० आर्मरवर ३० ऐवजी साडेचाळीस लागतो. उपाय फुकटचा आहे: शिकार तळापासून १०० मीटरच्या बाहेर करा. तळ प्लेन्सच्या काठावर बांधलेला असेल तर हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मेल्यावर काय होतं

मेलं की प्रत्येक कौशल्य ५ टक्क्यांनी घटतं. त्यानंतर १० मिनिटं संरक्षण असतं. त्या वेळात पुन्हा मेलं तर घट नाही. पोटातलं खाणंही जातं, आणि माणूस २५ हेल्थ, ५० स्टॅमिनावर उठतो. आता तलवारीचं कौशल्य ६० असलेला खेळाडू अधूनमधून पाच वेळा मेला असं धरू. कौशल्य ४६ वर येतं. शस्त्राचा मार कौशल्यावर चालतो (शून्यावर सरासरी ४० टक्के, शंभरावर जवळपास पूर्ण), म्हणून त्याचा मार सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. तो येऊन सांगतो, ‘शत्रूंची हेल्थ वाढवली का?’ कुणीच वाढवलेली नसते.

त्यात तो सामान आणायला उपाशी धावत जातो आणि थडग्यापाशी पुन्हा मरतो. या चक्रासाठी डेथ पेनल्टी ‘ईझी’ हा आमच्या मते सगळ्यात चांगला उपाय आहे. लढाईची धार तशीच राहते, फक्त घसरण मंदावते. कॉम्बॅट ‘ईझी’ करण्याआधी हे करून बघा. ‘हार्डकोर’ मात्र मिश्र गटात कधीच नको: सगळं सामान नष्ट आणि कौशल्यं शून्यावर. एका मृत्यूनंतर माणूस परत लॉगिन करत नाही.

नेटवर्कची तक्रार काठिण्याच्या वेषात

वॅल्हाइममध्ये शत्रूंची हालचाल सर्व्हर चालवत नाही. नकाशा ६४ मीटरच्या झोनमध्ये विभागलेला असतो, आणि साधारणपणे जो आधी झोनमध्ये शिरला त्याच्या मशीनवर तिथले शत्रू चालतात. परफेक्ट पॅरीची (नेमक्या क्षणी घाव अडवून परतवण्याची) खिडकी पाव सेकंदाची. गटात कुणी पुण्यात, कुणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर मधलं अंतरच दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास खातं. झोनचा मालक तिकडचा असला, की इकडच्याला उचललेला हात दिसतो एका क्षणी आणि घाव लागतो दुसऱ्याच. ‘पॅरी चालतच नाही’ अशी तक्रार आली तर आधी विचारा, तिथे पहिला कोण पोचला होता? बॉसला बोलावताना ज्याचं कनेक्शन स्थिर आहे त्याला पुढे पाठवा, बाकीच्यांनी मागून यावं. हे करून बघितल्याशिवाय कॉम्बॅटला हात लावू नका.

रेडबद्दल थोडक्यात. मूळ सेटिंगमध्ये दर ४६ मिनिटांनी २० टक्के शक्यता. कुठली रेड येणार हे जगात कुठले बॉस मेले यावर ठरतं, म्हणून जुन्यांनी बॉस मारले की कालच आलेल्या माणसाच्या झोपडीवर मोठी फौज येते. त्यावर ‘प्लेयर इव्हेंट्स’ ही सेटिंग आहे. ती लावली की रेड त्या-त्या खेळाडूच्या प्रगतीवर ठरते. नवे लोक येत राहणार असतील तर ही लावाच.

स्टुडिओने काय केलं

या सगळ्या सेटिंग्ज तक्रारींतूनच जन्मलेल्या आहेत, म्हणून आयर्न गेटचा रस्ता नीट बघण्यासारखा आहे. स्वीडनमधल्या स्कोव्दे गावच्या या छोट्या स्टुडिओने २ फेब्रुवारी २०२१ ला खेळ अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आणला. १६ सप्टेंबर २०२१ च्या ‘हार्थ अँड होम’मध्ये खाण्याची वाटणी झाली: काही खाणी हेल्थची, काही स्टॅमिनाची. आधी एकाच ताटात दोन्ही भरपूर मिळायचं. त्यावर मोठी ओरड झाली, पण वाटणी तशीच राहिली.

पोर्टलमधून (क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या दारातून) धातू न जाण्याची तक्रार तर पहिल्या महिन्यापासूनची. साध्या लाकडी पोर्टलचा मूळ नियम त्यांनी बदलला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हिल्डिर्स रिक्वेस्ट’ या अपडेटबरोबर वर्ल्ड मॉडिफायर दिले, त्यात पोर्टल ‘कॅज्युअल’ केलं की सगळं सामान जातं. पुढे ॲशलँड्स या नव्या प्रदेशाच्या अपडेटमध्ये धातू नेणारं दगडी पोर्टल आलं, पण ते तिथवर पोचणाऱ्यालाच. आमच्या मते तक्रारीला दिलेलं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे: मूळ खेळाची मांडणी मोडायची नाही, पण ज्याला नको त्याच्या हातात बटण द्यायचं.

ॲशलँड्स (१४ मे २०२४) हे वेगळं प्रकरण. किनाऱ्यावर उतरल्यापासून शत्रूंचे थवेच्या थवे, आणि तक्रार पुन्हा ‘फार मारतात’. नंतरच्या पॅचमध्ये खेळाडूला एकदम घेरलं जाण्याचं प्रमाण कमी केलं. हा स्क्रू बरोबर निवडला. पॅरी एका वेळी एकाचीच होते, आणि प्रत्येक ब्लॉक स्टॅमिना खातो. सहा जण एकदम आले की प्रत्येकाचा घाव सौम्य असूनही माणूस मरतो.

बदल करण्याची पद्धत

विंडोजवर सर्व्हर बंद करताना खिडकी क्रॉस करू नका. कंट्रोल-सी दाबा, म्हणजे जग जतन होतं. मग जगाच्या दोन्ही फाइल (डीबी आणि एफडब्ल्यूएल) दुसरीकडे कॉपी करा. सुरू करण्याच्या बॅच फाइलची एक प्रत करून ठेवा आणि तिच्यातल्या ओळीत मॉडिफायर घाला: आधी नाव, मग पातळी. एका वेळी एकच.

इथे हटकून होणारी चूक अशी, की ओळीतला मॉडिफायर खोडला म्हणजे तो गेला असं वाटतं. तो जगाच्या फाइलमध्ये लिहिला गेलेला असतो आणि तसाच राहतो. परत यायचं तर ‘प्रीसेट नॉर्मल’ (प्रीसेट म्हणजे सेटिंग्जचा तयार संच) द्यावं लागतं, आणि प्रीसेट आधीचे सगळे मॉडिफायर पुसतो. म्हणून प्रीसेट आधी, बाकीचे हवे ते त्याच्या पुढे पुन्हा लिहायचे. हार्डवरून नॉर्मलवर येताना डेथ पेनल्टीची ओळ नव्याने घालावी लागली ती याचमुळे.

तक्रार नोंदवताना सहा गोष्टी विचारा: बायोम (प्रदेश) कुठला, शत्रूला तारे किती, आर्मरचा आकडा, पोटात काय होतं, १०० मीटरात किती जण, झोनमध्ये पहिला कोण. ‘रेस्टेड’ (विश्रांती घेतलेला) होता का हेही विचारा. त्याने स्टॅमिना भरण्याचा वेग दुप्पट होतो, आणि बरेच जण तळावर न बसताच निघतात. बदल केला की निदान चार-पाच संध्याकाळी तसाच ठेवा. पहिल्या संध्याकाळच्या प्रतिक्रिया मोजू नका. लोक आकड्यापेक्षा बदलाच्या बातमीवर बोलत असतात.

पुढच्या भागासाठी राहिलंय ते ‘फार सोपं झालंय’चं काम. कॉम्बॅट नॉर्मलच ठेवून रेडचं प्रमाण ‘मोअर’ आणि रिसोर्सेस ‘लेस’, म्हणजे पाऊणपट, अशी जोडी लावायची आहे, पण एकदम नाही. आधी रेड, कारण त्याचा भार तळ मजबूत असलेल्या जुन्यांवर जास्त पडतो. रिसोर्सेस त्यानंतर.