क्लॅरिनेटमधली चरचर नेमकी येते कुठून?

आपल्याकडे उन्हाळा लागला की लाकडी क्लॅरिनेटवाल्यांची ही तक्रार ठरलेली, "सूर लागतोय पण मागे काहीतरी चरचरतंय". विदर्भात तर विचारूच नका, पारा ४५ च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी, लाकूड आकसतं आणि बेलवरची (खालचं पसरट तोंड), बॅरलवरची (माउथपीसच्या खालचा छोटा तुकडा) धातूची रिंग सैल पडते. बोटांनी फिरवून बघा, सहज फिरली तर तिच्यावर पहिला संशय. तात्पुरतं म्हणून रिंगच्या आत पातळ कागदाची पट्टी सरकवली तरी भागतं.

पण लगेच स्क्रूड्रायव्हर काढू नका. आधी खोली बदलून तोच सूर वाजवा. मांडणीवरचे स्टीलचे पेले, खिडकीची काच, नोटेशन स्टँड, हे सगळं सुराबरोबर थरथरतं. आणि बँडच्या प्रॅक्टिसमध्ये तर साइड ड्रमच्या खालच्या तारा हमखास, क्लॅरिनेट वाजली की त्या आपोआप झणझणतात आणि बोलणी खातो क्लॅरिनेटवाला. ड्रमवाल्याला सांगा, "भाऊ, तारा जरा सोड" आणि परत वाजवून बघा.

बाहेर कुठे नसेल तर मग वाद्यातच आहे. खालपासून वरपर्यंत एकेक सूर लांब, हळू वाजवायचा आणि चरचर कुठल्या सुरावर येते ते पकडायचं. तो सूर धरून ठेवायचा आणि शेजारच्याने मोकळ्या चाव्या, रॉड, स्क्रू एकेक करून बोटाने हलकेच दाबायचे. परवा पुतण्याला बसवलं होतं, तो म्हणाला "काका, इथे बोट ठेवलं की बंद होतंय", बघतो तर थंब रेस्टला, म्हणजे मागे अंगठा टेकवायच्या आधाराला, पट्टा अडकवायची बारीकशी कडी! आवाज मला तरी खाली बेलमधून आल्यासारखा वाटत होता. हे असंच असतं, आवाज एकीकडे आणि दुखणं भलतीकडे.

सगळ्यात छळवादी म्हणजे पॅड, चावीखालची भोक झाकणारी गादी. आत नमदा आणि वर पातळ पारदर्शक कातडी असते, ती कडेला फाटली की हवेत फडफडते. अशा वेळी सगळी पॅडं उचकत बसायची गरज नाही, जो सूर चरचरतो त्यावेळी वरून खाली येताना पहिलं उघडं भोक कुठलं ते बघा, बहुतेकदा त्याच्यावरचंच पॅड दोषी असतं. डाव्या करंगळीच्या लांब चाव्यांची टोकं जिथे खाचेत बसतात तिथलं अस्तर झिजलं तरी खरखर येते. ढिला पिव्हॉट स्क्रू (ज्याच्या टोकावर चावी फिरते तो) आपण घट्ट करू शकतो, फार आवळायचा मात्र नाही, चावी अडकते.

गुळगुळ आवाज असेल तर ते सरळ पाणी. वरच्या भागातल्या बाजूच्या भोकांत साचतं. पॅडखाली सिगारेटचा कागद धरून चावी दाबा, टिपून घेतो.

लाकडात बारीक चीर दिसली तर स्वतः काही करू नका, कारागिराकडे न्या.

एवढं करूनही राहिलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये नाही आणि फक्त तुमच्याच डोक्यात घुमतंय असं असेल तर माउथपीसवर दात टेकतात तिथला रबरी पॅच बघा, त्याची कड सुटलेली असते, थरथर दातांवाटे सरळ कवटीत जाते. जुना खरवडून काढा, नवा चिकटवा.